दंडावरची सुई आणि वॉशिंग्टनचं कोर्ट: अमेरिकेच्या लस-इजा भरपाई योजनेचा हिशेब

सेवा: नॅशनल व्हॅक्सिन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅम, बोलण्यात व्हीआयसीपी
कुठे: यू.एस. कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स, वॉशिंग्टन डी.सी.
फी: अर्ज दाखल करताना ४०५ डॉलर (ऐपत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो)
गुण: खांद्याची इजा आणि फ्लूच्या लसीनंतरचा गियाँ-बारे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटून हातपाय लुळे पडण्याचा आजार) यांसाठी पाचपैकी चार. बाकी बहुतेक दुखण्यांसाठी अडीच. कोविड लसीसाठी जी वेगळी योजना आहे, तिला अर्धा, तोही ती कागदावर आहे म्हणून.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकवतात. या कोर्टाबाबत ती म्हण बाजूला ठेवायला हरकत नाही. इथे कुणाची चूक सिद्ध करावी लागत नाही, डॉक्टरवर किंवा कंपनीवर आरोप करावा लागत नाही, आणि हरलात तरी वकिलाचं बिल सहसा तुमच्या माथी येत नाही. मात्र ही योजना दुखण्याकडे पाहून पैसे देत नाही, दुखण्याच्या कागदांकडे पाहून देते. सुई टोचल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत डॉक्टरच्या नोंदीत काय उतरलं, यावर पुढच्या दोन-तीन वर्षांचं भवितव्य ठरतं. ही गोष्ट बहुतेकांना फार उशिरा कळते.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण तिच्यावाचून नियमांचा अर्थ लागत नाही. १९८० च्या दशकात डांग्या खोकल्याच्या जुन्या लसीवरून अमेरिकेत कंपन्यांवर खटल्यांची रांग लागली. काही कंपन्यांनी लस बनवणंच सोडलं आणि तुटवड्याची भीती उभी राहिली. १९८६ मध्ये संसदेने कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून ही योजना सुरू झाली. सौदा सरळ होता. कंपन्यांना थेट खटल्यांपासून आडोसा आणि इजा झालेल्याला झटपट, बिनदोषाची भरपाई. पैसा येतो लसीवरच्या करातून: एका डोसमागे, तो जितक्या रोगांपासून वाचवतो त्या प्रत्येकासाठी ७५ सेंट. फ्लूच्या लसीवर ७५ सेंट, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर २.२५ डॉलर. म्हणजे फार्मसीत दंड पुढे करणारा प्रत्येक जण नकळत या विम्याचा हप्ता भरत असतो. निधीत आज अब्जावधी डॉलर पडून आहेत, त्यामुळे 'सरकारकडे पैसे नाहीत' ही सबब इथे चालत नाही.

आडोसा किती पक्का आहे हेही लक्षात घ्या. या योजनेत आधी अर्ज केल्याशिवाय लस बनवणाऱ्यावर किंवा टोचणाऱ्यावर १,००० डॉलरपेक्षा जास्त रकमेचा दावा साध्या कोर्टात लावताच येत नाही. नर्सने सुई चुकीच्या जागी खुपसली असली तरी पहिली पायरी हीच. आणि २०११ मध्ये वायेथ कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, लसीची रचनाच सदोष होती असा दावा कंपनीवर चालणार नाही, असं स्पष्ट केलं. त्यामुळे निकाल नाकारून बाहेर खटला भरण्याचा हक्क कागदावर असला तरी तिकडे जाणारे विरळाच.

दारातून आत कोण येऊ शकतं?

नागरिकत्व लागत नाही. एच-१बी वर असलेला, विद्यार्थी व्हिसावर आलेला, किंवा नातवंडं सांभाळायला सहा महिने न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन राहिलेले आई-बाबा, यांपैकी कुणीही अर्ज करू शकतो. अट एवढीच की लस अमेरिकेत किंवा तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशात घेतलेली असावी. आई-बाबांच्या व्हिजिटर इन्शुरन्सने हात वर केले तरी हे दार उघडं राहतं, आणि हे आपल्या लोकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

उलट बाजू कडक आहे. सुट्टीत पुण्याला नेलेल्या बाळाला तिथे भारतीय कंपनीची लस दिली आणि काही बिनसलं, तर ही योजना मदत करणार नाही. देशाबाहेर घेतलेली लस चालते ती दोनच प्रकारांत: घेणारा अमेरिकी सैन्यातला, सरकारी नोकर किंवा त्यांच्यावर अवलंबून असलेला असेल, किंवा लस अमेरिकेतल्या उत्पादकाची असेल आणि घेणारा सहा महिन्यांच्या आत अमेरिकेत परतला असेल.

लस कोणती, हेही पाहावं लागतं. लहान मुलांना किंवा गरोदर स्त्रियांना सर्रास द्यावी अशी सरकारी शिफारस असलेल्या आणि कर लागू झालेल्या लसी यात येतात. घेणारा साठीचा असला तरी बिघडत नाही. फ्लू, धनुर्वात, हिपॅटायटिस अ आणि ब, गोवर-गालगुंड-रुबेला, कांजण्या, एचपीव्ही, रोटाव्हायरस या सगळ्या आत. बाहेर राहतात त्यांत आपल्या लोकांना नेमक्या लागणाऱ्या लसी आहेत: भारतात जाण्याआधी घेतलेली टायफॉइडची, जपानी मेंदूज्वराची, कुत्रं चावल्यावरची रेबीजची, आणि पन्नाशीनंतर सांगितली जाणारी नागिणीची. एकाच भेटीत एका दंडात टायफॉइड आणि दुसऱ्यात हिपॅटायटिस अ घेतली असेल, तर कोणती कोणत्या दंडात, या एका नोंदीवर सगळा दावा उभा राहू शकतो.

मुदती

पहिलं लक्षण दिसल्यापासून तीन वर्षं. निदान झाल्यापासून नाही, 'हे लसीमुळे असेल' असं कुणी सुचवल्यापासूनही नाही. बोटांना मुंग्या ज्या दिवशी पहिल्यांदा आल्या, तो दिवस. मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून दोन वर्षं, आणि ज्या लक्षणातून मृत्यू ओढवला त्याच्या सुरुवातीपासून चार वर्षं, यांतली आधी संपेल ती. कुणी चुकून आधी साध्या कोर्टात दावा लावला आणि तो फेटाळला गेला, तर त्यानंतर वर्षभरात इथे आल्यास जुन्या दाव्याची तारीख धरली जाते. या सवलतीच्या भरवशावर मात्र कुणी राहू नये.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. डॉक्टरने किंवा तुम्ही 'व्हेअर्स' या सरकारी नोंदवहीत लसीनंतरच्या त्रासाची तक्रार केली, म्हणजे भरपाईचा अर्ज झाला असं नाही. ती नोंदवही लसींवर नजर ठेवण्यासाठी आहे. तिथे नोंद करून दोन वर्षं उत्तराची वाट पाहत बसलेल्यांची मुदत हातची गेलेली असते.

मग येते सहा महिन्यांची अट. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आपण थट्टेने म्हणतो. इथे ते कायद्यातच लिहिलं आहे. इजेचे परिणाम लसीनंतर सहा महिन्यांहून जास्त टिकले पाहिजेत. नाहीतर त्या इजेमुळे इस्पितळात भरती होऊन शस्त्रक्रिया व्हावी लागते, किंवा मृत्यू. दोन आठवडे ताप, आठवडाभर सुजलेला दंड, यांना इथे जागा नाही. आणि त्यात गैर काही नाही, कारण लसीनंतर असं थोडंबहुत व्हायचंच.

पण याच अटीवर चांगली प्रकरणंही घसरतात. गियाँ-बारे झालेला माणूस चौथ्या महिन्यात चालायला लागतो, डॉक्टर 'छान प्रगती' असं लिहितात, तो कामावर जातो आणि पुन्हा डॉक्टरकडे फिरकत नाही. तळपायांना मुंग्या, संध्याकाळचा थकवा सुरूच असतो, पण तो नोंदीत कुठेच नाही. सरकारी बाजू म्हणते, सहा महिन्यांपुढे काही राहिलंच नाही. त्रास असेल तर सहाव्या महिन्यानंतरच्या आठवड्यांत एकदा तरी डॉक्टरला दाखवून, तो शब्दांत लिहून घ्यावा.

तक्ता, म्हणजे योजनेचं हृदय

सरकारने एक तक्ता छापला आहे. लस, इजा आणि किती वेळात सुरुवात व्हायला हवी, असे तीन रकाने. तुमचं प्रकरण त्यात चपखल बसलं तर कारण लसच आहे असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे सिद्ध करणं सरकारच्या गळ्यात पडतं. काही ओळी पाहा. जीवघेणी ॲलर्जी: चार तासांच्या आत. लस घेताच चक्कर येऊन पडणं: एका तासात. फ्लूनंतर गियाँ-बारे: ३ ते ४२ दिवस. धनुर्वाताच्या लसीनंतर दंडाच्या मज्जातंतूंचा दाह: २ ते २८ दिवस. रोटाव्हायरसनंतर बाळाच्या आतड्यात आतडं शिरणं: १ ते २१ दिवस. गोवराच्या लसीनंतर प्लेटलेट घटून अंगावर जांभळे डाग: ७ ते ३० दिवस. तक्ता बदलत असतो. खांद्याची इजा आणि फ्लूनंतरचा गियाँ-बारे त्यात २०१७ मध्ये आले. २०२१ च्या सुरुवातीला खांद्याची इजा आणि चक्कर काढून टाकण्याचा नियम निघाला आणि काही महिन्यांतच मागे घेतला गेला. २०२५ मध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी योजनेत फेरफार करण्याचं जाहीर केलं आहे. तेव्हा अर्ज करण्याच्या दिवशीचा तक्ता स्वतः उघडून पाहावा, कुणी पाठवलेला फोटो नव्हे.

तक्त्याखालची बारीक अक्षरं मथळ्यांपेक्षा महत्त्वाची आहेत. खांद्याच्या इजेचं उदाहरण घेऊ, कारण हल्ली सर्वांत जास्त दावे याच वळणाचे येतात. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सिरव्हा' म्हणतात. सुई दंडाच्या जाड स्नायूत जायला हवी. ती फार वर, खांद्याच्या हाडाजवळ गेली तर औषध सांध्याजवळच्या पाणथळ पिशवीत उतरतं आणि तिथे दाह सुरू होतो. दोष लसीतल्या घटकाचा कमी, टोचण्याच्या जागेचा जास्त. घाईत बाही वर सरकवून, उभ्या माणसाला वरून टोचलं की हे होतं. सदऱ्याची बाही गोळा करण्यापेक्षा खांदा पूर्ण मोकळा करावा आणि टोचणाऱ्याने बसून टोचावं, इतका साधा उपाय आहे.

दाव्यासाठी चार गोष्टी जमाव्या लागतात: त्या खांद्याला पूर्वी दुखणं, सूज किंवा अडखळ नव्हती, वेदना ४८ तासांच्या आत सुरू झाली, वेदना आणि हालचालीतली घट त्याच खांद्यापुरती आहे, आणि दुसरं कोणतं कारण पुढे आलेलं नाही. वाचायला सोपं आहे, पण प्रत्येक अटीत खड्डा आहे.

पहिल्या अटीत जुना इतिहास आडवा येतो. दोन वर्षांपूर्वी बॅडमिंटन खेळताना 'उजवा खांदा दुखतो' असं डॉक्टरला सहज सांगितलेलं वाक्य नोंदीत जिवंत असतं. दुसरीत, उशीर. आपल्या घरांतली पद्धत अशी की आधी तेल लावून शेक, मग हळद, मग मेडिकल स्टोअरची गोळी, आणि दोन महिन्यांनी 'हात वरच जात नाही' म्हणून डॉक्टर. त्या डॉक्टरच्या नोंदीत 'काही आठवड्यांपासून दुखतंय' असं उतरतं. ४८ तास कुठे गेले? याहून वाईट म्हणजे मधल्या काळात रक्तदाबाच्या तपासणीला जाऊन आलेलं असणं. तिथे खांद्याचा उल्लेख नाही, उलट संगणकात 'सांधे: सामान्य' असा आपोआप भरलेला मजकूर. सरकारी वकील ही नोंद नेमकी काढून समोर ठेवतात.

तिसऱ्या अटीत मान. दुखणं मानेत किंवा हाताच्या बोटांपर्यंत जातं असं लिहिलं गेलं, की मणक्याचा वाद सुरू. चौथ्या अटीत मधुमेह: मधुमेह्यांमध्ये खांदा आपोआप आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि आपल्या मंडळींत मधुमेहाची काय कमतरता! त्याने दावा मरत नाही, पण सुरुवात नेमकी कधी झाली याचा पुरावा दुप्पट भक्कम लागतो.

आणि डावा-उजवा. फार्मसीच्या संगणकात बऱ्याचदा 'डावा दंड' हा पर्याय आधीच भरलेला असतो, घाईत तो कुणी बदलत नाही. लस उजव्या दंडात घेतली आणि पावती डावा म्हणते, हे इतकं नेहमीचं आहे की स्पेशल मास्टरांनी, म्हणजे या कोर्टात निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, निकालांत ही सवय ध्यानात घेतली आहे. तरी वाद टाळायचा असेल तर लस घेताच पावती वाचा आणि चूक तिथेच दुरुस्त करून घ्या. उत्पादकाचं नाव आणि लॉट क्रमांकही त्याच वेळी पाहा.

मग करायचं काय? दुखणं दोन-तीन दिवसांत ओसरलं नाही तर डॉक्टरच्या पोर्टलवर एक ओळ लिहा: अमुक तारखेला अमुक दंडात लस घेतली, त्या रात्रीपासून हात वर जात नाही. त्या संदेशावर पडलेली तारीख पुढच्या दहा प्रतिज्ञापत्रांना भारी असते. नवऱ्याला, बहिणीला पाठवलेले 'आज केस विंचरता येत नाहीत' असे व्हॉट्सॲप संदेशही पुरावा म्हणून चालतात. कायदा एवढंच सांगतो की केवळ अर्जदाराच्या शब्दावर, वैद्यकीय नोंद किंवा वैद्यकीय मत यांचा आधार नसताना, निकाल देता येणार नाही. म्हणजे तुमच्या शब्दाला किंमत आहे, पण नोंदीच्या जोडीने.

अर्ज नि पुढची चाल

प्रतिवादी कंपनी नसते, आरोग्यमंत्री असतात. त्यांच्या वतीने न्याय खात्याचे वकील उभे राहतात, आणि आरोग्य खात्याचे डॉक्टर कागद तपासतात. निकाल देतात स्पेशल मास्टर. ज्यूरी नाही. सुनावणी बरीचशी व्हिडिओवर, त्यामुळे टेक्सासमध्ये बसून हे सगळं होतं, वॉशिंग्टनची विमानतिकिटं लागत नाहीत.

पिटिशनसोबत जोडायचं ते असं: लसीचा पुरावा, लसीच्या आधीच्या साधारण तीन वर्षांच्या वैद्यकीय नोंदी (मूल असेल तर जन्मापासूनच्या), त्यानंतरच्या सगळ्या नोंदी, आणि प्रतिज्ञापत्र. 'सगळ्या' म्हणजे खरोखर सगळ्या. फिजिओथेरपीची प्रत्येक बैठक, एमआरआयचा अहवाल, आणीबाणी कक्षाची भेट, औषधांच्या दुकानाची यादी. इस्पितळाने दिलेला दोन पानी सारांश पुरत नाही, प्रमाणित संपूर्ण संच मागावा लागतो. अर्जाची एक प्रत कोर्टाच्या लिपिकाकडे, एक आरोग्य खात्याकडे. कागद अपुरे असले तरी मुदत संपत आली असेल तर आधी अर्ज दाखल करावा, बाकी मागून जोडता येतं. उलटं करणारे बुडतात.

आई-बाबा मधेच भारतात परतले असतील तर तिथले उपचार ग्राह्य असतात, पण आपल्या ओपीडीचा कागद पेशंटच्या हातात दिला जातो आणि दवाखान्याकडे प्रत नसते. तो कागद हरवला की उपचार झालेच नाहीत. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, कोणता खांदा, हात किती अंशांपर्यंत उचलता येतो, हे इंग्रजीत लिहून घ्यावं. नुसतं 'शोल्डर पेन, फिजिओ दहा दिवस' याने काही साधत नाही. मराठीत लिहिलेलं काही असेल तर भाषांतर जोडावं लागतं.

दाखल झाल्यावर कागद पुरेसे आहेत का याची प्राथमिक छाननी होते. मग खांद्याची आणि गियाँ-बारेची सरळ प्रकरणं एका खास कक्षाकडे जातात, जिथे तज्ज्ञांच्या साक्षी सहसा लागत नाहीत. सरकार आपलं म्हणणं एका अहवालात मांडतं: मान्य, किंवा अमान्य आणि का. मान्य असेल तर फक्त रक्कम ठरवायची. अमान्य असेल तर तडजोडीची बोलणी, नाहीतर लेखी युक्तिवाद. केवळ रकमेवर अडलं असेल तर या कक्षात मुख्य स्पेशल मास्टर थोडक्यात तोंडी सुनावणी घेऊन आकडा सांगून मोकळे होतात. योजनेतला हा भाग खरोखर चांगला चालतो.

तक्त्याबाहेरचं प्रकरण असेल तर दुसरं गाव. २००५ मध्ये वरच्या कोर्टाने घालून दिलेली तीन पायऱ्यांची कसोटी, वकिलांच्या बोलण्यातली 'अल्थेन', पार करावी लागते. लसीने असं होऊ शकतं याचा वैद्यकीय सिद्धांत, या माणसात तसंच झालं याचा कार्यकारणक्रम, आणि सुरुवात त्या सिद्धांताला शोभेल अशा वेळेत झाल्याचा पुरावा. माप 'नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त' एवढंच आहे, संपूर्ण खात्री नव्हे. पण मेंदूतज्ज्ञ विरुद्ध मेंदूतज्ज्ञ, रोगप्रतिकारशास्त्रज्ञ विरुद्ध रोगप्रतिकारशास्त्रज्ञ अशा अहवालांच्या फेऱ्या झडतात आणि वर्षं निघून जातात. स्वतः उपचार करणाऱ्या डॉक्टरने त्याच वेळी 'लसीनंतर, बहुधा लसीशी संबंधित' असं लिहिलं असेल तर पारडं बरंच झुकतं. 'पेशंटच्या मते लसीमुळे' असं लिहिलं असेल तर फारसा उपयोग नाही, कारण ते डॉक्टरचं मतच नाही.

स्पेशल मास्टर आठच असतील, असं १९८० च्या दशकातला कायदा सांगतो. तेव्हा तक्त्यात बालकांच्या मोजक्या लसी होत्या. आता दर वर्षी कोट्यवधी प्रौढ फ्लूची लस घेतात आणि खुर्च्या मात्र तेवढ्याच. 'झटपट' या शब्दाची इथे वाट लागली आहे. साधं प्रकरणही दोन-तीन वर्षं घेतं. २४० दिवसांत निर्णय झाला नाही तर बाहेर पडण्याचा हक्क आहे, पण बाहेर काय वाढून ठेवलंय ते वर सांगितलंच.

पैसे

वेदना आणि मनस्तापासाठी कमाल २,५०,००० डॉलर. मृत्यूसाठी २,५०,००० डॉलर. हे आकडे १९८६ च्या कायद्यातले आहेत, आणि महागाईनुसार वाढवण्याची तरतूदच ठेवलेली नाही. तेव्हाच्या अडीच लाखांत बऱ्याच गावांत दोन घरं आली असती. चाळीस वर्षांत तो आकडा एका जागी बसवून ठेवणं, हा या योजनेचा सर्वांत लाजिरवाणा भाग आहे, आणि गुण कापले ते मुख्यतः इथेच.

याखेरीज विम्याने न दिलेला झालेला वैद्यकीय खर्च, पुढे लागणारा खर्च आणि बुडालेली कमाई मिळते, आणि या बाबींना वरची मर्यादा नाही. आयुष्यभर काळजी लागणाऱ्या मुलाच्या प्रकरणात तज्ज्ञाकडून आयुष्यभराच्या खर्चाचा आराखडा करून घेतात. व्हीलचेअर किती वर्षांनी बदलायची, मदतनीस दिवसाला किती तास, घरातला उतार, सगळं त्यात येतं, आणि पुढचे पैसे बहुधा वार्षिक हप्त्यांतून मिळतात. मुलाच्या नावचे पैसे हाती येण्याआधी राज्याच्या कोर्टाकडून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागू शकतो. त्याला महिने लागतात, म्हणून तडजोड दृष्टिपथात येताच ते काम सुरू करावं. खांद्याच्या प्रकरणात शस्त्रक्रिया झाली नसेल तर वेदनेपोटी साधारण पाच आकडी रक्कम मिळते, शस्त्रक्रिया झाली असेल तर सहा आकडी. कॉर्टिझोनची किती इंजेक्शनं घेतली, फिजिओच्या किती बैठका, किती महिने त्रास, यावर ती हलते. उपचारांत मोठे खंड असतील तर रक्कम खाली येते.

१९८८ पासून योजनेने १२,००० हून अधिक जणांना भरपाई दिली आहे, एकूण पाच अब्ज डॉलरच्या वर. त्यांतली सुमारे साठ टक्के प्रकरणं तडजोडीने मिटली, म्हणजे लसीने इजा झाली हे सरकारने किंवा कोर्टाने ठरवलेलं नाही. व्हॉट्सॲपवर 'सरकारने कबूल केलं' म्हणून फिरणारे आकडे हा फरक खुशाल गिळतात. दुसऱ्या बाजूला, फेटाळलेल्या अर्जांचा मोठा आकडा पाहून घाबरायचंही कारण नाही. त्यात पाच हजारांहून अधिक अर्ज लसीमुळे ऑटिझम होतो या दाव्याचे होते. नमुन्याची प्रकरणं २००९ आणि २०१० मध्ये पुराव्याअभावी निकालात निघाली, आणि त्या निकालांनंतर उरलेलेही गळाले.

वकील

योजनेचा सर्वांत मोठा गुण हाच. वकील तुमच्या भरपाईतून टक्के कापू शकत नाही, तसं करणं कायद्याने बंद आहे. त्याची फी आणि तज्ज्ञांचा खर्च योजना वेगळा देते, दावा हरला तरीही, फक्त तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असावा. अपघाताच्या खटल्यात तिसरा हिस्सा वकिलाला देण्याची सवय असलेल्या अमेरिकेत हे नवलच. म्हणून कुणी 'मंजूर रकमेच्या तीस टक्के' असा करार पुढे केला तर त्याला या कोर्टाची माहिती नाही किंवा हेतू ठीक नाही, दोन्हींतलं काहीही असो, उठून यावं. वकील कोणत्याही राज्यातला चालतो, पण तो याच कोर्टात नोंदलेला हवा. अशा वकिलांची यादी कोर्टाच्या संकेतस्थळावर आहे. गल्लीतल्या अपघात-वकिलाकडे गेलात तर तो शिकणार तुमच्या प्रकरणावर, आणि शिकता शिकता मुदत घालवण्याचा धोका वेगळा. याची दुसरी बाजू अशी की फी उशिरा आणि तासावर मिळत असल्याने, कमकुवत प्रकरण वकील पहिल्याच फोनवर नाकारतात. दोन-तिघांनी नाकारलं तर कागदांत काय कमी आहे ते विचारून घ्यावं. ती माहिती फुकट मिळते.

कोविडची लस घेतलेल्यांनी काय करायचं?

ती वरच्या योजनेत नाही. तिच्यासाठी आणीबाणीच्या औषधोपचारांची वेगळी योजना आहे, सीआयसीपी. मुदत एक वर्ष, तीही लस घेतल्याच्या दिवसापासून, लक्षणापासून नव्हे. कोर्ट नाही, सुनावणी नाही, खात्यातल्या खात्यात निर्णय, आणि नाराज असाल तर त्याच खात्याकडे ६० दिवसांत एकदा फेरविचाराची विनंती. वेदनेपोटी काही नाही, वकिलाची फी नाही, आणि बुडालेल्या पगाराला वर्षाला ५०,००० डॉलरची मर्यादा. दहा हजारांहून अधिक अर्ज आले, पैसे मिळालेले काही डझन. अर्धा गुण का, ते यावरून समजावं. फ्लू आणि कोविडच्या लसी एकाच दिवशी दोन दंडांत घेण्याची पद्धत पडल्यापासून, त्रास कोणत्या दंडाला, यावर माणूस कोणत्या योजनेच्या दारात उभा राहणार हे ठरतं. एकाच दंडात दोन्ही घेतल्या असतील तर वादाला आयतं निमित्त. दोन लसी घ्यायच्याच असतील तर दोन दंड पुढे करावेत आणि पावतीवर ते तसंच आलंय हे पाहावं.

भारतातून तुलना विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. २०२२ मध्ये कोविड लसीनंतर मुली गमावलेल्या पालकांच्या याचिकेवर केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिलं, त्याचा सूर दिवाणी कोर्टात जाऊन नुकसानभरपाई मागा असा होता. दिवाणी कोर्टात दोष सिद्ध करावा लागतो, आणि नेमक्या त्याच ओझ्यातून सोडवण्यासाठी अमेरिकेने हे वेगळं कोर्ट उभं केलं. ब्रिटनची योजना तिसऱ्या तऱ्हेची आहे: ठरीव १,२०,००० पौंड, पण अपंगत्व ६० टक्के असेल तरच. ५५ टक्के असेल तर शून्य. त्या कड्यावरून खाली पाहिलं की वॉशिंग्टनचे कागद बरे वाटतात.

राहिली एक गोष्ट, जी अर्ज करताना कुणी सांगत नाही. निकाल सार्वजनिक होतात आणि शोधयंत्रात नावासकट सापडतात, आजाराच्या तपशिलांसह. अल्पवयीन मुलांची नुसती आद्याक्षरं वापरतात. मोठ्यांना तसं हवं असेल तर सुरुवातीलाच मागणी करावी लागते, आणि निकालातला खासगी तपशील झाकायचा असेल तर तो निघाल्यापासून १४ दिवसांत अर्ज द्यावा लागतो. पंधराव्या दिवशी तो मजकूर कोर्टाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला मोकळा असतो.